काळ्या पडद्यावरील पांढरी अक्षरे

लिनक्स प्रथमच बसवणाऱ्या माणसाची एक ठरलेली तक्रार असते : "सगळे नीट बसले, पण पडद्यावर काहीच येत नाही." वस्तुतः पडद्यावर काहीतरी आलेले असते. यंत्राचे नाव, त्यापुढे 'लॉगिन' हा शब्द, आणि त्याच्यापुढे उघडझाप करणारी एक रेघ. तथापि चित्रे नाहीत, खिडक्या नाहीत, माऊस फिरवून काही हलत नाही, म्हणून त्या मजकुराला 'काहीच नाही' असे म्हटले जाते. जाणकार मंडळी या तक्रारीला हसतात आणि 'डेस्कटॉप म्हणजे लिनक्स नव्हे' एवढे सांगून मोकळी होतात. आमचे मत असे, की तक्रार करणारा निदानात चुकतो आणि हसणारी मंडळी उपचारात चुकतात. मराठी वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या माणसाच्या बाबतीत तर नक्कीच. हे मत आम्हाला पुस्तकातून मिळालेले नाही. एका संध्याकाळच्या फजितीतून मिळाले आहे, म्हणून आधी ती फजिती सांगतो.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित समर्थन संपले. आमच्या घरातील लॅपटॉप त्यापुढच्या आवृत्तीच्या अटींत बसत नव्हता. त्यात टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चीप हवी होती, ती नव्हती. बाकी यंत्र ठणठणीत होते. दुरुस्तीवाल्याने ते भंगारात देण्याचा सल्ला दिला. ज्या वस्तूचा कळफलक अजून नीट चालतो ती भंगारात देणे आमच्या पिढीला जड जाते. म्हणून दिवाळीनंतरच्या एका शनिवारी आम्ही त्यावर लिनक्स बसवायला घेतले. पैकी डेबियन हे वितरण निवडले, कारण भाचा ते वापरतो, आणि अडचण आल्यास विचारायला माणूस हवा.

या यंत्रावर एक गोष्ट होती. आमच्या आईचे वय चौऱ्याऐंशी. गेली दोन वर्षे रविवारी दुपारी ती आठवणी सांगते आणि आम्ही त्या टंकतो. 'आजोळची विहीर', 'बहात्तरचा दुष्काळ', 'मामींचे जाते' अशा नावांच्या चाळीसेक फाइली झाल्या होत्या. लिनक्स बसवताना चकती पुसली जाते, हे ठाऊक असल्यामुळे त्या सर्व आम्ही पेनड्राइव्हवर उतरवून घेतल्या होत्या. दुसरी प्रत नव्हती. हा हलगर्जीपणा भाच्याला सांगण्याचे धैर्य मात्र आम्हाला झाले नाही.

बसवणूक सुरळीत पार पडली. डेबियनची जी लहान प्रतिमा आम्ही घेतली होती तिच्यात केवळ पायाभूत सामग्री असते. उरलेले सर्व ती जालावरून आणते. तिने वायफायचा परवलीचा शब्द विचारला. तो शब्द लिहिलेला कागद सापडेना, म्हणून आम्ही 'नंतर' असे म्हटले. पुढे तिने विचारले, की जालावरील भांडारातून सामग्री आणावी काय? जाल जोडलेलेच नव्हते, तेव्हा आम्ही 'नको' म्हटले. तिने हेही सांगितले होते, की असे केल्यास अगदी किमान प्रणाली बसेल. हे वाक्य आम्ही वाचले नाही. बसवणूक करणारी आज्ञावली काही विचारू लागली, की 'पुढे' या कळीवर बोट ठेवायचे, हे वळण आमच्या अंगी वीस-पंचवीस वर्षांत मुरलेले होते. येथे कुणी खोटे बोलले नाही, काही बिघडले नाही. आम्ही जे मागितले तेच आम्हाला मिळाले.

यंत्र पुन्हा सुरू झाले आणि तो काळा पडदा आला. लॉगिनपुढे नाव टंकले. मग परवलीचा शब्द टंकू लागलो, तर पडद्यावर काहीच उमटेना. तारका नाहीत, ठिपके नाहीत, रेघही पुढे सरकेना. आमची खात्री झाली, की कळफलक मेला. दोनदा यंत्र बंद करून चालू केले. शब्दाची लांबीदेखील बघणाऱ्याला कळू नये म्हणून युनिक्सच्या परंपरेत ही जागा मुद्दामच मुकी ठेवलेली असते, हे नंतर कळले. नवख्याच्या वाटेतील हा पहिला खड्डा आहे, आणि त्यात न पडलेला माणूस आम्हाला अजून भेटायचा आहे.

शेवटी नाशिकला भाच्याला फोन लावला.

"अरे, पडदा नुसता काळा आहे."

"मामा, काळं राहू द्या. पांढरं काय आहे ते वाचून दाखवा."

"काहीतरी इंग्रजी आहे."

"काहीतरी नको. अक्षर न् अक्षर वाचा."

आम्ही वाचले. तो हसला नाही, याचे आम्हाला आजही कौतुक वाटते. तो एवढेच म्हणाला, "म्हणजे सगळं चालू आहे. घर बांधून झालंय, फर्निचर आलेलं नाही."

भाच्याची उपमा सोयीची आहे, पण पुरती खरी नाही. फर्निचर नसलेले घर अपुरे असते. डेस्कटॉप नसलेली लिनक्स प्रणाली अपुरी नसते. जगातील असंख्य सर्व्हर याच अवस्थेत वर्षानुवर्षे काम करतात आणि त्यांना पडदाच जोडलेला नसतो. यंत्र सुरू होताच प्रथम कर्नल जागा होतो, तो चकती, स्मृती, कळफलक यांचा ताबा घेतो. मग इतर सेवा एकामागून एक उभ्या राहतात, आणि त्या उभ्या राहिल्यावर कुणीतरी दाराशी बसून 'कोण?' असे विचारते. डेस्कटॉप ही त्या सेवांतीलच एक, किंबहुना तीनचार आज्ञावल्यांची साखळी आहे : पडद्यावर रेघा-रंग काढणारा एक सर्व्हर, चित्रमय दारपाल, खिडक्यांच्या चौकटी सांभाळणारा एक व्यवस्थापक, आणि वर सजावट. या साखळीतील एखादी कडी नसली किंवा तुटली, तर उरलेली प्रणाली तिच्यावाचून चालूच राहते. 'डेस्कटॉप दिसत नाही' आणि 'संगणक चालत नाही' या दोन वाक्यांतील अंतर ते हेच.

हे अंतर आपल्याला ठाऊक नव्हते असे नाही. आपण ते विसरलो आहोत. १९९०च्या दशकाच्या आरंभी ज्यांनी संगणकाला प्रथम हात लावला त्यांना आठवत असेल, की यंत्र डॉसच्या काळ्या पडद्यावर उघडत असे आणि 'विन' ही तीन अक्षरे टंकली की मग विंडोज ३.१ अवतरत असे. विंडोज तेव्हा एक आज्ञावली होती. १९९५च्या ऑगस्टात विंडोज ९५ आले आणि ती पायरी दृष्टीआड झाली. चित्र आणि यंत्र एकच, असा समज तेव्हापासून रुजला. लिनक्सच्या घराण्यात तो समज कधी रुजलाच नाही, कारण तेथे चित्र यंत्राहून वयाने मोठे आहे. एक्स विंडो प्रणाली एमआयटीत १९८४ साली सुरू झाली. लिनस टोरवाल्ड्सने आपल्या कर्नलची घोषणा केली २५ ऑगस्ट १९९१ रोजी. दोन वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या हेतूंनी जन्मलेल्या या वस्तू पुढे एकत्र नांदल्या. त्यांच्यावर केडीई १९९६ साली आणि नोम १९९७ साली उभे राहू लागले. आता एक्सची जागा वेलँड घेत चालले आहे, तरी कर्नलला त्याचे सोयरसुतक नाही.

असो. आमच्या यंत्राकडे परत येऊ. (पुढील आज्ञा वाचकांच्या सोयीसाठी नागरीत लिहिल्या आहेत, टंकताना त्या रोमन लिपीतच टंकाव्या लागतात, आणि या साध्या वाटणाऱ्या गोष्टीविषयी पुढे आम्हाला बरेच बोलायचे आहे.) भाच्याने प्रथम 'सिस्टिमसीटीएल गेट-डिफॉल्ट' ही आज्ञा द्यायला सांगितली. यंत्र सुरू होताना कोणत्या मुक्कामापर्यंत जायचे ठरले आहे, हे ती सांगते. उत्तर आले : 'ग्राफिकल डॉट टार्गेट'. आम्हाला वाटले, चोर सापडला. यंत्र स्वतःच कबूल करते आहे, की चित्रमय मुक्कामाला जायचे आहे, तरी ते जात नाही. भाचा म्हणाला, "नाही मामा, डेबियनमध्ये ती पाटी आधीपासून लावलेली असते. दुकान असो वा नसो." आणि खरोखरच तसे आहे. डेबियनचा ठरावीक मुक्काम चित्रमयच असतो. त्या मुक्कामाला कुणी दारपाल नसेल तर प्रवास शांतपणे अक्षरांच्या दाराशी थांबतो. फेडोराच्या सर्व्हर आवृत्तीत याच प्रश्नाला 'मल्टि-यूजर डॉट टार्गेट' असे उत्तर मिळते. म्हणजे एकच प्रश्न, दोन घरांत दोन उत्तरे, आणि दोन्हींचा अर्थ घराची रीत जाणल्यावाचून लागत नाही. आज्ञा नकलून घेणे आणि उत्तर वाचणे यांत हाच फरक आहे. बहुतेक मार्गदर्शक नवख्याला आज्ञा देतात. उत्तर कसे वाचावे हे क्वचितच कुणी सांगते. परिणामी माणूस दहा आज्ञा टंकतो, अकराव्या वेळी डेस्कटॉप येतो, आणि दहांपैकी कशाने आला हे त्याला कधीच कळत नाही. पुढच्या खेपेस तो दहाही टंकतो.

आमच्यापुरते निदान स्पष्ट होते : डेस्कटॉप बिघडलेला नव्हता, तो आलेलाच नव्हता. आणायचा तर जाल हवे, आणि वायफाय जोडणारी सोयीची साधने डेस्कटॉपबरोबरच येतात. विहिरीला दोर हवा आणि दोर विहिरीत, अशी ही अवस्था. यातून सुटण्याची युक्ती भाच्याने सांगितली ती नोंदवून ठेवण्यासारखी आहे. फोन यूएसबीच्या तारेने लॅपटॉपला जोडायचा आणि फोनवर टेदरिंग सुरू करायचे. कर्नलला तो फोन तारेच्या जाळ्यासारखा दिसतो, त्याला निराळी सामग्री लागत नाही. तसे केल्यावर यंत्राला पत्ता मिळाला.

पुढचा अडथळा गमतीचा होता. सामग्री मागवणारी 'अ‍ॅप्ट' ही आज्ञा दिली, तर तिने अमुक नावाची चकती ड्राइव्हमध्ये घालायला सांगितली. आमच्या लॅपटॉपला चकतीचा ड्राइव्हच नाही. भांडाराच्या यादीत एकच पत्ता होता आणि तो बसवणुकीच्या माध्यमाचा होता, कारण जालावरचे भांडार आम्हीच नाकारले होते. ती ओळ काढून तेथे डेबियनचा खरा पत्ता लिहायचा होता. त्यासाठी मूळ वापरकर्ता व्हावे लागते, आणि तेथेही एक जुनी खोच आहे. बसवताना मूळ वापरकर्त्याला परवलीचा शब्द दिला असेल, तर डेबियन आपल्याला 'सुडो' वापरू देत नाही. 'सु' म्हणावे लागते, आणि २०१९च्या दहाव्या आवृत्तीपासून त्या 'सु'पुढे एक आडवी रेघ द्यावी लागते. रेघ विसरली, तर व्यवस्थापनाच्या कित्येक आज्ञा 'सापडल्या नाहीत' असे उत्तर येते. आम्ही ती विसरलो. एक आडवी रेघ! मात्रा-वेलांटीवरून मुलांचे गुण कापणाऱ्या आमच्यासारख्याने तक्रार करावी असे यात काही नव्हते.

येथे आमची फजिती संपली असती तर हा लेख लिहिण्याचे कारण पडले नसते. भांडार वाचले जात असताना हाताशी वेळ होता, आणि मनात तो पेनड्राइव्ह होता. भाच्याचा फोन ठेवलेला. डेस्कटॉप असता तर पेनड्राइव्ह लावताच खिडकी उघडली असती. येथे तो हाताने जोडून घ्यावा लागतो. तेही जमवले. यादी मागितली. पडद्यावर चाळीस ओळी आल्या आणि प्रत्येक ओळीत अक्षरांच्या जागी एकसारख्या निरर्थक चिन्हांची रांग. 'आजोळची विहीर' नाही, 'मामींचे जाते' नाही. दोन वर्षांचे रविवार डोळ्यांपुढून गेले. आई आतल्या खोलीत टीव्ही पाहत होती. तिला काय सांगावे याची वाक्ये आम्ही मनात जुळवू लागलो.

पुन्हा फोन. या वेळी दुसरी प्रत नसल्याचेही कबूल केले. तो क्षणभर गप्प झाला, मग म्हणाला, "नावाकडे बघू नका. नावाच्या आधी आकडे आहेत, ते वाचा." आकडे होते. कुठे अकरा हजार, कुठे तीस हजार. "शून्य कुठे आहे का?" नव्हते. "मग मजकूर जागेवर आहे. त्या पडद्याला मराठी येत नाही, एवढंच."

त्या पडद्याला मराठी येत नाही. हे वाक्य आम्ही त्यानंतर पुष्कळदा मनात घोळवले आहे, कारण ते अक्षरशः खरे आहे, आणि 'डेस्कटॉपची गरजच काय' असे म्हणणाऱ्या जाणकारांनी ते कधी विचारात घेतलेले आम्हाला दिसले नाही. कर्नल जो अक्षरपडदा स्वतः रंगवतो त्याची रचना सारख्या मापाच्या चौकटींची असते. प्रत्येक चौकटीत एक चिन्ह. त्याच्या फाँटमध्ये एका वेळी जास्तीत जास्त ५१२ चिन्हे मावतात. रोमन लिपीला एवढे उदंड होते. देवनागरीला संख्याही अपुरी पडते, पण खरी अडचण संख्येची नाहीच. 'कि' लिहिताना आपण क आधी उच्चारतो आणि युनिकोडमध्येही क आधी साठवला जातो. वेलांटी मात्र त्याच्या डावीकडे काढायची असते. 'र्क' लिहिताना आधीचा र उडी मारून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो. 'क्ष' आणि 'ज्ञ' यांत तर घटक ओळखूच येत नाहीत. चौकटीमागून चौकट भरणाऱ्या पडद्याला ही उडी मारता येत नाही. त्यासाठी ओळ आधी पूर्ण वाचून, अक्षरांचा क्रम लावून, मग ती चित्र म्हणून काढणारी आज्ञावली लागते. लिनक्सवर हे काम पँगो आणि हार्फबझ या आज्ञासंचांनी केले, आणि ते दोन्ही डेस्कटॉपच्या थरात राहतात.

म्हणजे इंग्रजी वाचकाच्या दृष्टीने जो सजावटीचा थर आहे, तो आमच्या दृष्टीने लिपीचा थर आहे. तो काढून टाकला, की इंग्रजी माणसाच्या हातून केवळ चित्रे जातात. आमच्या हातून बाराखडी जाते. 'खरा लिनक्सवाला काळ्या पडद्यावरच राहतो' ही फुशारकी ज्याला आपल्या भाषेतील फाइलचे नाव त्या पडद्यावर वाचता येते त्यालाच परवडते. डेबियनची बसवणूकदेखील याला अपवाद नाही. तिच्या चित्रमय रूपात मराठी निवडता येते; अक्षररूपात मराठी यादीतच दिसत नाही, आणि आपल्या बहुतेक भाषांचे तसेच आहे. यात कुणाचा द्वेष नाही. पडदा ज्यांनी घडवला त्यांच्या लिपीच्या मापाने तो घडला, इतकेच. पण इतकेच म्हणून ते सोडून देता येत नाही.

या गाठीवर एके काळी पुण्यातच तोडगा चालत असे, हे आज कितीजणांना आठवते? डॉसच्या काळात, जेव्हा चित्रमय थर सर्वसामान्य यंत्रावर नव्हताच, तेव्हा सी-डॅकने जिस्ट कार्ड दिले. ते तंत्र मूळ कानपूरच्या आयआयटीतील. १९८८ साली सी-डॅकची स्थापना झाल्यावर ते पुण्यात वाढले. संगणकात एक निराळे कार्ड बसवायचे आणि त्या कार्डाने, डॉसच्या काळ्या पडद्यावरच, भारतीय लिप्या जुळवून दाखवायच्या. आज्ञावल्यांना पत्ताही नसे, की आपण मराठी दाखवतो आहोत. लिपीचे ज्ञान तेथे तांब्या-सिलिकॉनमध्ये ओतलेले होते. १९९१ साली इस्की हे भारतीय लिप्यांसाठीचे मानक प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती देवनागरीसह आली, आणि त्याच वर्षी टोरवाल्ड्सचा कर्नलही. कार्ड मागे पडले, कारण ते विकत घ्यावे लागे आणि चित्रमय थर फुकट मिळू लागला. २००४ साली रेड हॅटने लोहित हे भारतीय लिप्यांचे फाँट मुक्त परवान्याखाली खुले केले, आणि लिनक्सच्या डेस्कटॉपवर मराठी निदान वाचता येऊ लागली. या सर्व वाटचालीत कर्नलचा अक्षरपडदा मात्र जेथे होता तेथेच राहिला. आम्ही कर्नल लिहिणाऱ्यांना दोष देत नाही. लिपी जुळवण्याचे काम कर्नलच्या पोटात नसावे, याला तांत्रिक कारणे आहेत आणि ती आम्हाला पटतात. मात्र त्यातून निघणारा निष्कर्ष टाळता येत नाही. मराठी माणसाला लिनक्स बसवून देताना डेस्कटॉप ही पहिली गरज मानली पाहिजे.

तर मग काळा पडदा नकोच, असे म्हणावे काय? तसेही नाही. डेस्कटॉप येऊन बिघडतो तेव्हा त्याच्या बिघाडाची हकिकत काळ्या पडद्यावरच वाचावी लागते. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-तीन या कळा एकत्र दाबल्या, की चित्राच्या मागचे दार बहुधा उघडते आणि तेच 'लॉगिन' भेटते. ज्याने ते आधी शांतपणे पाहिलेले असते तो घाबरत नाही. आमच्या एका स्नेह्यांच्या संगणकावर एक्स सर्व्हर सुरू होईना. पडद्यावर इंग्रजीत वाक्य होते, ज्याचा अर्थ 'एकही पडदा सापडला नाही'. पडद्यावर लिहिलेले हे वाक्य वाचून ते हताश हसले, आणि वरवर पाहता ते विनोदीच आहे. पण एक्सच्या परिभाषेत 'पडदा' म्हणजे टेबलावरची काच नव्हे. चित्रपत्र, त्याची चालक-आज्ञावली आणि समोरचा मॉनिटर यांची जुळलेली जोडणी, तिला तेथे पडदा म्हणतात. ही जोडणी जुळली नाही, एवढेच ते वाक्य सांगते. त्याच नोंदवहीत प्रत्येक ओळीच्या आरंभी कंसात दोन अक्षरे असतात : दोन 'आय' असल्यास नुसती माहिती, दोन 'डब्ल्यू' असल्यास इशारा, दोन 'ई' असल्यास चूक. शेकडो ओळींतून दोन 'ई'ंच्या ओळी निवडल्या आणि त्यांतील पहिली वाचली, की बहुधा रोग सापडतो. शेवटची ओळ वाचून उपयोग नसतो. तो केवळ मृत्यूचा दाखला असतो. स्नेह्यांच्या नोंदवहीतील पहिली 'ई' चालक-आज्ञावली लादता आली नाही असे सांगत होती, आणि त्याचे कारण असे निघाले, की कुणीतरी तात्पुरता उपाय म्हणून सांगितलेला 'नोमोडसेट' हा शब्द त्यांनी आरंभीच्या आज्ञेत कायमचा लिहून ठेवला होता. तो शब्द कर्नलला सांगतो, की चित्रपत्राला हात लावू नकोस. बसवणुकीपुरती ती कुबडी बरी. पाय बरा झाल्यावरही ती काखेत ठेवली, तर चाल सुधारत नाही.

एके काळी याहून मोठा अडसर वायफाय आणि चित्रपत्रांच्या बंदिस्त फर्मवेअरचा होता. डेबियनच्या अधिकृत प्रतिमेत ते तत्त्व म्हणून नसे, आणि त्यामुळे कित्येकांची पहिली भेट काळ्या पडद्याशी होई. २०२२ साली डेबियनच्या सदस्यांनी मतदान करून ते समाविष्ट करण्याचे ठरवले आणि २०२३च्या बाराव्या आवृत्तीपासून ते मिळू लागले. तत्त्वाला मुरड घातली म्हणून काहींना ते रुचले नाही. आमच्या मते मुरड योग्य होती. स्वातंत्र्याच्या दाराशी आलेल्या माणसाला दारच दिसले नाही, तर आतील तत्त्वाचा त्याला काय उपयोग?

त्या रात्री साडेअकराच्या सुमारास भांडारातून सगळे उतरले. 'टास्कसेल' या आज्ञेने बसवणुकीतला तोच प्रश्न पुन्हा विचारला आणि या खेपेस आम्ही तो शब्द न् शब्द वाचला. यंत्र जुने म्हणून एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप निवडला. पुन्हा सुरू केल्यावर चित्रमय दारपाल आला, त्यात परवलीच्या शब्दाला ठिपके उमटले. पेनड्राइव्ह लावला. चाळीसही नावे होती तशी, वेलांट्या डावीकडे आणि रफार डोक्यावर. लागलीच दुसरी प्रत केली आणि तिसरी भाच्याला पाठवली.

रविवारी दुपारी आईसमोर 'आजोळची विहीर' उघडली. तिने चष्मा लावला, अर्धे पान वाचले आणि पडद्यावर बोट टेकवून म्हणाली, "हा ल कुठला? आपला ल पाकळ्यांचा." पाहिले तर खरेच, फाँटने ल आणि श हिंदी वळणाचे काढले होते. मजकुराची भाषा मराठी आहे असे सांगितले, तर काही फाँट पाकळीचा ल देतात, अशी माहिती भाच्याने फोनवर दिली आहे. हा कोणता, ते आता वाचून पाहायचे आहे.